अंधारातली हजेरी

प्रिय आ-खुन,

हे पत्र तुला पोस्टाने नाही, माशाच्या डब्याखालून मिळेल. वास आला तर नाक मुरडू नकोस. पोस्टातली मंडळी माझी पत्रं माझ्या वाचकांपेक्षा जास्त मन लावून वाचतात, आणि या खेपेला मला एकच वाचक हवा आहे. मेइ-चू पोरांना घेऊन आली आहे, आज परत निघेल. आईने तुझ्यासाठी आलं घालून मासा उकडला आणि टोपली बांधताना मला म्हणाली, "तुला काही ठेवायचं असेल तर ठेव, मी तिकडे बघत नाही." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आपली आई न बघण्यात किती तरबेज आहे, हे तुला माहीत आहेच.

तुझी बायको गुणी आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. काल भाजी निवडताना म्हणाली, "ताई, यांना झोपायला दिवा लागतो. मालवला की उठून बसतात. पोरं तोंडावर रजई घेऊन झोपतात, मी डोळ्यांवर टॉवेल बांधते." मी म्हटलं, "बरोबर आहे, विजेच्या उपकेंद्रात नोकरी, हलवाई स्वतःच्या दुकानातली मिठाई खाणारच." ती हसली. मीही हसले. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा मात्र ते हसू घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं.

इकडची खबर फारशी नाही. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. शाळेची नोकरी सांभाळून वर्तमानपत्रातलं माझं सदर चालू आहे. डुकराच्या मांसाचा भाव, बसचे कंडक्टर आणि नवरे, हे माझे तीन विषय. चौथा लिहिला की संपादक लाल रेघ मारतात. "बाई, नवऱ्यांवर लिहा. नवरे रात्री जीप घेऊन येत नाहीत," असं म्हणतात. मला नवरा नसल्यामुळे तो विषय मी अगदी निःपक्षपातीपणे हाताळते. लष्करी कायद्याखाली एवढी निःपक्षपाती गोष्ट दुसरी उरलेली नाही.

एक बातमी मात्र आहे. शनिवारी निवडणूक. आपल्या गावची मोजणी नेहमीप्रमाणे शाळेत, तिसरीच्या वर्गात. आणि मतं पुकारायला मी उभी राहणार आहे. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, "या वर्षी पुकारणार कोण?" तर एकाएकी घशाची साथ आली. जो तो खाकरायला लागला. गाण्याच्या बाई तर खुणांनी बोलायला लागल्या. मी म्हटलं, माझा घसा बरा आहे. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात माशी पडल्याचं सांगितलं होतं.

तुला ती खिडकी आठवते? मतदान संपलं की आपण दोघं त्या खिडकीच्या कठड्यावर चढून बसायचो, खिशात भाजलेले दाणे. म्हाताऱ्या घरून स्टुलं घेऊन यायच्या, ऑपेरा बघायला यावं तशा. ओंग मास्तर मतपेटीतून एक मतपत्रिका काढायचे, डोक्यावर उंच धरायचे, चारी बाजूंना फिरवून दाखवायचे आणि नाव पुकारायचे. आधी सरकारी भाषेत, मग आपल्या भाषेत. आपल्या भाषेत पुकारायची परवानगी नव्हती. कुणी हटकलं तर म्हणायचे, "साहेब, या आज्या सरकारी भाषेत बहिऱ्या आहेत." फळ्यावर चिकटवलेल्या कागदावर दुसरे गुरुजी एकेक रेघ ओढायचे, अक्षर पाच रेघांचं, म्हणून पाच मतांना एक अक्षर पुरं. आज्या बोटांवर मोजायच्या आणि रेघ चुकली तर खिडकीतून ओरडायच्या, "अहो, आमच्या डॉक्टरांची शेपटी राहिली!"

मग वीज जायची.

आपल्या गावाची वीज तशी सोशिक. वादळात टिकते, भूकंपात टिकते. फक्त मोजणीत सरकारी पक्षाचा माणूस मागे पडला की तिला चक्कर येते, तीही नेमकी दिवेलागणीला. दारातून कुणीतरी ओरडायचं, "घरी जा, वीज आली की निकाल सांगू!" आणि आपण स्टुलं उचलून घरी जायचो. वर्षानुवर्षं गेलो. परत यायचो तर पेटी बाळंतीण झालेली असायची, आत पक्षाची नवी मतं. आपण यावर विनोद करायचो. मी त्यातले बरेच केले.

त्याच दिवसांत तुझ्याकडे सफरचंदांची पेटी यायची. मऊ कागदात गुंडाळलेली परदेशी सफरचंदं, एकाच्या किमतीत आपल्याकडे दोन दिवसांचा स्वयंपाक होईल. तू अर्धी घरी पाठवायचास. आई ती पूर्वजांसमोर मांडायची आणि शेजारणींना सांगायची, "साहेबांचा जीव आहे माझ्या पोरावर." साहेबांचा जीव नेमका निवडणुकीच्या आठवड्यात का उतू जातो, हे तिने विचारलं नाही. मीही नाही. जगभरच्या लोकांना खोचक प्रश्न विचारून पोट भरणारी मी, घरात आले की सफरचंद सोलत बसायची.

चार वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी तू इथे नव्हतास, म्हणून सांगते. यापूर्वी कुणी तुला सांगितलं नसेल, आणि तू विचारलंही नसशील. दातांचे को डॉक्टर पुढे होते. अर्ध्या गावाचे दात त्यांनी उपटलेले, तरी गाव त्यांच्या बाजूने होतं, यावरून पक्षाने गावाचं किती दुखवलं होतं ते समज. मास्तरांनी पत्रिका वर धरली, म्हणाले, "को थिआन-सू, एक!" आणि अंधार झाला. दारातून नेहमीची आरोळी आली. स्टुलं सरकायला लागली. तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला, "कुणी हलायचं नाही. पत्रिका माझ्या हातात आहे, हात वर आहे. पेटी माझ्या पायाशी आहे. माझा आवाज जिथून येतोय तिथे पेटी आहे. आवाज हलला तर समजून घ्या." आणि ते पुकारत राहिले. तेच मत, तेच नाव. "को थिआन-सू, एक! को थिआन-सू, एक!" फक्त आपल्या भाषेत. अंधारात त्यांनी सरकारी भाषा टाकून दिली होती.

आम्ही उभे राहिलो. पळालो नाही, पण पुढेही झालो नाही. मग बुटांचा आवाज आला. टेबल घासलं. आणि आवाज हलला, आ-खुन. फळ्यापासून दाराकडे गेला, दारातून अंगणात, अंगणातून फाटकाशी, तेच नाव, तोच एक. मग गाडीचं दार लागलं. वीज आली तेव्हा पेटी टेबलावर होती, पोट फुगलेली, आणि टेबलाखाली मास्तरांचा एक बूट. गाण्याच्या बाईंनी उरलेली मतं पुकारली. डॉक्टर पडले. पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता मास्तरांच्या घरी राखेचा डबा आला. हृदय बंद पडलं, असं कागदावर होतं. कुणाचं, ते लिहिलेलं नव्हतं.

मोजणीच्या त्याच संध्याकाळी आईने उरलेली सफरचंदं पूर्वजांसमोरून उचलली आणि शेजारच्या डुकरांना घातली. शेजारीण कळवळली, "अगं, वेड लागलं का? एवढी महाग फळं!" आई म्हणाली, "डुकरांना चालतात." तुझं नाव तिने त्या दिवशी काढलं नाही, नंतरही नाही. पण दर नववर्षाच्या आदल्या रात्री तुझा वाडगा आणि जेवायच्या काड्या मांडते, मेइ-चू आणि पोरं जेवतात, आणि तुझा निरोप येतो, ड्यूटी आहे. तुझ्या आणि आमच्या मध्ये एक नदी आणि एक बस. सणाच्या रात्री जी कधीच जात नाही, त्या विजेवर कसली रे एवढी ड्यूटी?

तिसरीच्या वर्गात आता संध्याकाळी कुणी थांबत नाही. पोरं म्हणतात, दिवेलागणीला फळ्याजवळून कुणीतरी पुकारतं. शाळेने भिंतींना पुन्हा पुन्हा रंग दिला, जणू आवाज चुन्याखाली दबतो. मी भुतंखेतं मानत नाही, हे सदरात जाहीर केलेलं आहे. पण परवा वह्या आणायला गेले तर ऐकलं. फळ्यापासून दारापर्यंत. मी पळाले नाही. उभी राहून ऐकलं आणि कळलं की आवाज धमकावत नाही. वाट पाहतोय. कुणीतरी पुढचं मत उचलावं म्हणून.

या वर्षी भुतांच्या महिन्यात आईने माळ्यावरून आपल्या बाबांचा कार्बाइडचा दिवा काढला, समुद्रात न्यायचे तो. शाळेच्या कुंपणाशी नेऊन पेटवला. कार्बाइडच्या दगडावर पाणी पडलं की येणारा घाणेरडा वास तुला आठवत असेल, आपल्याला तो बाबा घरी आल्याचा वास वाटायचा. दुसऱ्या दिवशी दोन बायका आणखी आल्या, मग आख्खी गल्ली. चौकीवरचा शिपाई आला, "आजी, हे काय चाललंय?" आई म्हणाली, "बिनघरच्या भुतांना वाट दाखवतोय. पक्षाचं भुतांशी काही वाकडं आहे का?" तो ओशाळला. त्याची स्वतःची आई दोन दिवे सोडून बसली होती. महिना संपला, दिवे काही घरी गेले नाहीत. शिपायाने पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "भुतं अजून गेली नाहीत, मी काय करू? तूच सांगून बघ त्यांना." आता गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या दिवा स्टुलाखाली ठेवून फिरतात. शनिवारी त्या खिडक्यांशी बसणार आहेत. सभा झाली नाही, ठराव झाला नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही. किराणा दुकानातलं कार्बाइड तेवढं संपलंय.

मी घाबरलेली नाही असं लिहिलं तर तू हसशील. हात वर धरून उभं राहायचा सराव करते आरशासमोर. हा हात वर असताना अंधार झाला, तर बूट माझ्याकडे येतील, हे मला माहीत आहे. आईलाही. ती म्हणाली, "पायात घट्ट बसणारे बूट घाल. निघून पडायला नकोत." एवढंच.

आणि आता आपल्या लहानपणाची एक गोष्ट, मग पुरे करते. त्या मोठ्या वादळात आपण सगळी पोरं एकाच वर्गात अडकलो होतो. तू पहिलीत, अंधाराला सगळ्यांत भित्रा. दिवे गेले आणि पोरं रडायला लागली. मास्तर आपल्या वर्गात आले आणि त्या काळोखात हजेरी घ्यायला लागले. प्रत्येकाचं नाव. प्रत्येक जण "हजर" म्हणाला. तुझं नाव आलं, तू गप्प. मास्तर पुढच्या नावाकडे गेले नाहीत. "आ-खुन. आ-खुन. आ-खुन." न चिडता, न थकता, बाहेर कौलं उडत होती तरी. मी तुला चिमटा काढणार होते, ते म्हणाले, "राहू दे, तो म्हणेल." आणि किती तरी वेळाने तू म्हणालास.

शनिवारी दिवेलागणीला तुझ्याकडे फोन येईल, दरवेळी येतो तसा, आणि तुझा हात त्या खटक्यावर असेल. हे सांगायला मी पत्र लिहिलं. मला माहीत आहे, आईलाही, आणि हे दोघींना माहीत असल्याचं आम्ही एकमेकींना आजपर्यंत सांगितलेलं नाही. तुला नोकरी आहे, क्वार्टर आहे, दोन पोरं आहेत. त्या बुटांना नदीवरचा पूलही ठाऊक आहे. हे सगळं मी मोजलं आणि तरी लिहितेय. खटका ओढलास तरी या वेळी आमच्याकडे अंधार होणार नाही, म्हणून हे मी आमच्यासाठी मागत नाही. अंधार होईल तो तुझ्याकडेच, जिथे मेइ-चूने सांगितलेला तो दिवा रात्रभर जळूनही पुरत नाही. फार काही करायचं नाही. इतकी वर्षं आपोआप जाणारी वीज एकदा आपोआप गेली नाही, एवढंच. मी पत्रिका वर धरून फळ्याशी उभी असेन, आधी सरकारी भाषेत पुकारीन, मग आपल्या. डोक्यावरचा दिवा चालू राहिला, तर मी समजेन की नदीपलीकडून कुणीतरी हजर म्हणालं. नाही राहिला, तरी मी पुढच्या नावाकडे जाणार नाही.

तुझीच,
ताई

मासा गरम करून खा. वाडगा या नववर्षालाही मांडलेला असेल.