एक्केचाळीस नंबरचा माठ

३ मार्च, मंगळवार

उन्हाच्या चाचणीसाठी काचघरात बेचाळीस अंश, आज तिसरा दिवस. एक्केचाळीस नंबरच्या तिन्ही ट्रेमधल्या रोपांनी माना टाकल्या! हा आत्याच्या परसातला माठ. चार वर्षांपूर्वी बी मीच आणलं, दरवर्षी निवडून निवडून एकसारखं केलं. तांबडं रुंद पान, सगळी रोपं एका उंचीची. साठ वाणांत सगळ्यात देखणा. माळीकाका म्हणाले, "लाडावलेलं दिसतंय, ऊन सोसत नाही." हसले मी, पण जिवाला लागलं.

४ मार्च

पाणी वाढवून पाहिलं. उपयोग शून्य.

७ मार्च

विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. महिनाअखेर बियांच्या शीतगृहात पंधराच वाण राहणार. "एक्केचाळीस काढ. नुसता दिसायला छान." मी म्हटलं, आत्या तीस वर्षं भर उन्हाळ्यात हाच माठ घेते, कधी वाया गेला नाही. "मग इथे का मरतो?" याचं कारण शोधणार. काढू देणार नाही म्हणजे नाही!

१२ मार्च

सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असं वाटतंय.

पहिल्या वर्षाची नोंदवही काढली. माझंच अक्षर — "भेसळ उपटली, एकोणीस रोपं. पान अरुंद, वाढ किडकिडीत." पुढच्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी एकही नाही, आणि त्यापुढे मी चक्क चांदणी काढली आहे! आमच्याकडे रीतच ती : वाण शुद्ध हवा, वेगळं दिसेल ते उपट.

मग काचघरात जाऊन जगलेली रोपं पाहिली. ज्या नंबरांची निवड करायला मला वेळच झाला नव्हता, त्यांतली. बहुतेक सगळी अरुंद पानांची, किडकिडीत. भर दुपारी पानं उभी मिटून घेतात, संध्याकाळी पुन्हा उघडतात. म्हणजे आत्याचा माठ तगायचा तो त्या भेसळीच्या जिवावर. वर्ष थंड असलं की रुंद पानाची रोपं फोफावणार, तापलं की अरुंद पानाची तरणार. मी नेमकी तीच उपटली. स्वतःच्या हातांनी! लाज वाटतेय.

१३ मार्च

शीतगृहात आत्याच्या मूळ बियांचं पाकीट शोधलं. रिकामं. पहिल्याच वर्षी सगळं पेरून टाकलेलं.

बाईंना सांगून टाकलं, चूक माझी आहे हेसुद्धा. चष्मा काढून म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत मूळ बी आण. जागा ठेवते." रविवारी आत्याकडे जातेय. मूठभर मिळालं तरी पुरे. यंदा एकही रोप उपटणार नाही, कितीही कुरूप असो.

१५ मार्च, रविवार

आत्याने डबा पुढे केला. एकसारखं, काळंभोर, चकचकीत बी.

"अगं, गेल्या खेपेला तूच नाही का निवडून आणून दिलंस? परवाच पेरलं. माझं ते सरमिसळ कोंबड्यांना घातलं. शेजारच्या दोघींनाही तुझंच दिलं, म्हटलं, टाका ते जुनं. आमची भाची यातलं शिकलीय!"