मिनिस्टर म्हणजे

अंजनगाव सुर्जी
८ जानेवारी २०२६

चि. गोपाल,

आशीर्वाद. मंत्र्याला 'चि.' लिहावं की 'सन्माननीय', यात दोन कागद वाया गेले. मग म्हटलं, धाकटा तो धाकटाच.

इकडे थंडी बरीच आहे. माझी तब्येत ठीक. स्वयंपाकाची बाई रोज दोन पोळ्या जास्त करते. तिला अजून एकट्याचा अंदाज येत नाही. तुझी गोदावहिनी गेल्यावर अकोल्याहून तुझे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. मोबाईल हातातच होता.

शेजारची आकांक्षा स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकायला येते. परवा तिनं विचारलं, "सर, मिनिस्टर हा शब्द आला कुठून?" जाडा शब्दकोश काढला. मूळ लॅटिन, अर्थ नोकर, सेवा करणारा. 'मायनस'च्या कुळातला, म्हणजे जो कमी आहे तो. आणि आपला 'मास्तर' अगदी उलट. मूळ 'मॅजिस्टर', म्हणजे जो जास्त आहे तो.

पोरगी हसून म्हणाली, "म्हंजे सर, तुमी तं मंत्र्याहून मोठे!"

मला हसू आलं नाही. दहावीच्या वर्गात, साठ पोरांसमोर मी तुला म्हणालो होतो, "तुले इंग्रजी येनार नाई. तू नोकरच होशीन." त्यानंतर तू माझ्याशी कधी नजर वर करून बोलला नाहीस.

शपथ घेतल्यावर तू पेढे घेऊन आलास. गोदानं सांगितलं, "हे अमरावतीले गेले." खोटं होतं. मी मधल्या खोलीत बसलो होतो. तिला तसं बोलायला मीच लावलं. तुझ्यासमोर यायचं धैर्य नव्हतं. मत्सर म्हण हवं तर.

तुला ते कळलं होतं, हे मला दवाखान्यात समजलं. शेवटच्या आठवड्यात गोदा बोलली, "गोपालनं दारातल्या तुमच्या चपलेले हात लावून नमस्कार केला. मले म्हने, दादाले सांगू नका वहिनी, वाईट वाटीन त्याईले."

चुकलो, गोपाल. बोललो साठ जणांसमोर, आणि माफी बंद पाकिटातून मागतो आहे. हे काही बरोबर नाही.

गावात सगळे मला सर म्हणतात. दादा म्हणणारा तू एकटा उरलास.

येत्या रविवारी अकोल्याला येतो. तुझ्या बंगल्यावर लोक रांगेत बसतात म्हणे. मीही बसेन. आत पाठवायच्या चिठ्ठीवर 'सर' नाही, नुसतं माझं नाव लिहीन, 'महादेव'.

तुझाच,
दादा