अर्जदाराच्या बोटांची माफी मागण्याबाबत

प्रति,
मा. संचालक महोदय,
स्पर्शलेख ब्रेल साहित्य केंद्र,
करोल बाग, नवी दिल्ली.

अर्जदार : श्रीमती समता धम्मदीप गजभिये, मराठी मुद्रितशोधक (सध्या टेलिफोनवर), राहणार वैशाली, गाझियाबाद.

विषय : छपाई विभागाचे प्रमुख श्री. सुधन्वा रांगणेकर यांना अर्जदाराच्या बोटांची लेखी माफी मागण्याचा आदेश होण्याबाबत.

संदर्भ : अर्जदारास मुद्रितशोधनातून काढून स्वागतकक्षात बसवण्याचा विभागाचा आदेश.

महोदय,

१. अर्जदार जन्मांध असून नागपूरच्या शाळेत ब्रेल शिकली, मराठीत एम.ए. झाली आणि लग्नानंतर दिल्लीस आल्यापासून या केंद्रात छापून आलेले प्रत्येक मराठी पान बोटांनी तपासत आली. तिने पास केलेल्या पानात चूक निघाल्याची तक्रार आजवर आलेली नाही.

२. आपले ब्रेल उमटवणारे यंत्र जुने आहे आणि त्याचा संगणक त्याहून जुना. त्यावर युनिक्सच्या घराण्यातली एक जुनी प्रणाली चालते, कारण मराठीचे ब्रेल करणारा आपला प्रोग्राम दुसरीकडे चालत नाही. आणि यंत्राला प्रिंटरचे ते जुने, रुंद पॅरलल पोर्टच लागते. यंत्र चालू झाले की पत्र्यावर खिळे ठोकल्यासारखा आवाज होतो. तो श्री. रांगणेकर यांना सोसवेना. त्यांनी यंत्र भिंतीपलीकडच्या खोलीत हलवले, मूळची आखूड केबल काढून टाकली आणि दोन केबली एकमेकींना जोडून भिंतीच्या भोकातून पलीकडे नेल्या.

३. त्यानंतर पानांवर चमत्कारिक अक्षरे येऊ लागली. ‘काम’ असायचे तिथे ‘जाल’, ‘कमल’च्या जागी ‘जलल’. मुद्रितशोधक म्हणून अर्जदाराचे नाव छापले जाते, तिथे ‘समता’ऐवजी ‘रलता’ उमटले. असे दरवेळी होत नसे. एक पान स्वच्छ येई, पुढचे बिघडे. अर्जदाराने हे तोंडी सांगितले, मग लेखी दिले. श्री. रांगणेकर यांनी पडद्यावर मजकूर पाहिला आणि सर्व विभागासमोर म्हणाले, “स्क्रीनवर सगळं बिल्कुल ठीक आहे, मॅडम. तुम्हाला शुगर आहे ना? त्यात बोटं बधिर होतात.” कोणीतरी हसले. दुसऱ्या दिवशी संदर्भीय आदेश निघाला.

४. महोदय, डोळस माणसास त्याचे डोळे गेले असे चारचौघांत सांगितले तर काय वाटेल? मेट्रोतून घरी जाताना अर्जदार पर्सच्या शिवणीवरून बोटे फिरवत राहिली. टाके लागत होते, तरी भरवसा वाटेना. घरी तिने कपाटातले जुने ब्रेल पुस्तक काढले. ती मोठ्याने वाचत होती आणि पती धम्मदीप छापील प्रतीवरून ताडून पाहत होते. पुस्तक अर्धे झाल्यावर ते म्हणाले, “बास कर, समता. एक काना चुकलेला नाही.” अर्जदार तेव्हा प्रथम रडली. रडून झाल्यावर तिच्या मनात जे आले त्यास सूड म्हणतात, आणि ते या अर्जात लपवण्याचा तिचा इरादा नाही.

५. पुढे केंद्राचा वर्धापनदिन आला. श्री. रांगणेकर यांनी स्वतःच्या प्रस्तावनेसह ‘अंधारावर मात’ ही स्मरणिका काढली. मुद्रितशोधक टेलिफोनवर असल्याने ती कोणी तपासली नाही. प्रमुख पाहुणे स्वतः अंध प्राध्यापक. त्यांनी मुखपृष्ठावर बोटे टेकवली आणि माइकवर शांतपणे वाचले, “अंधारावर लात.” सभागृहातला हशा स्वागतकक्षापर्यंत आला. अर्जदारास त्याचा अतिशय आनंद झाला. परंतु श्री. रांगणेकर यांनी मंचावरूनच खुलासा केला की, मुद्रितशोधनात ढिलाई झाली. म्हणजे हीही लात अर्जदारालाच.

६. त्यानंतर आपल्या परवानगीने अर्जदाराने श्री. मुरलीधर यांना गुरुग्रामहून बोलावले. निवृत्तीपूर्वी हा संगणक त्यांनीच उभा केला होता. दोघांनी मिळून तपास केला. आधी ब्रेल करणारा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि नुसत्या ‘म’ची एक ओळ थेट पोर्टवर सोडली. कागदावर काही ‘म’ आले, काही ‘ल’. म्हणजे प्रोग्राम निर्दोष. मग पोर्टशी बोलण्याची प्रणालीची पद्धत बदलून पाहिली. छपाई मंदावली, पण ‘ल’ येतच राहिले. श्री. मुरलीधर वाकून भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, “ही शेपटी कोणी लावली?” केबलमधल्या प्रत्येक तारेवर अक्षराचा एकेक अंश जातो. लांबी आणि सांधा यांमुळे एक तार मधूनमधून आपला अंश गाळत होती. संगणकाच्या संकेतात तेवढ्याच फरकाने ‘म’चा ‘ल’ होतो, ‘क’चा ‘ज’ आणि ‘स’चा ‘र’. यंत्र परत अलीकडे आणून आखूड केबल लावताच ओळभर ‘म’ आले. अर्जदाराने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, गरज नसताना.

७. वाचकांची पुस्तके अडू नयेत म्हणून ती आखूड केबल तशीच राहू दिली आहे. तेवढ्यावर प्रकरण मिटले असे श्री. रांगणेकर यांना वाटले असावे. ते स्वागतकक्षात येऊन म्हणाले, “अच्छा, चलो, झालं गेलं. चहा घेऊ या.” अर्जदाराने न वाजलेला टेलिफोन उचलला आणि त्यांची पावले दूर जाईपर्यंत “नमस्कार, स्पर्शलेख केंद्र” असे म्हणत राहिली.

८. सबब विनंती की, संदर्भीय आदेश रद्द करून तो रद्द झाल्याचे ज्यांच्यासमोर बोटांचा उद्धार झाला त्यांच्यासमोरच वाचून दाखवावे. यंत्र श्री. रांगणेकर यांच्या टेबलालगत ठेवावे आणि तुंबलेली पुस्तके छापून होईपर्यंत त्यांनी जागा सोडू नये. कानात कापूस घालण्यास अर्जदाराची सक्त हरकत आहे. माफी त्यांनी ब्रेलमध्ये द्यावी, तीही यंत्रावर न छापता, पाटीवर कागद लावून टोचणीने एकेक ठिपका स्वहस्ते टोचून. त्यांना ब्रेल येत नाही याची अर्जदारास कल्पना आहे. शिकावे. पाटीवर उजवीकडून डावीकडे आणि उलटे लिहावे लागते, हेही सुरुवातीस सांगून ठेवलेले बरे. मजकुराचे मुद्रितशोधन अर्जदार स्वतः करील आणि एक ठिपका जरी चुकला तरी संपूर्ण कागद परत पाठवील. अर्जदाराच्या निवृत्तीस पुष्कळ अवकाश आहे; घाई नाही.

आपली, अद्याप नम्र,

समता धम्मदीप गजभिये
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. ‘रलता’ असे नाव उमटलेले पान.
२. बोटांची संवेदना उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला.
३. श्री. रांगणेकर यांच्यासाठी ब्रेल पाटी, टोचणी आणि कोऱ्या कागदांचे एक जाड बंडल.