पुंजारामने टाकलेले पत्ते

मी, काकासाहेब सांडू औताडे, वय ७३, पूर्वी वेरूळ-अजिंठ्याचा गाईड, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गेल्या रविवारपासून माझा स्वतःचा त्यावर विश्वास राहिलेला नाही, पण दाखला तो दाखला. २०१९ साली केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो.

१) पडेगावचे घर, बँकेतली ठेव आणि जिच्या उजेडात मी लोकांना लेणी दाखवली ती बॅटरी माझी एकुलती एक मुलगी तनुजा हिला मिळावी. घराला रंग तिने आपल्या मर्जीचा द्यावा.

२) शेजारी नानासाहेब दांडगे यांना मी काहीही ठेवलेले नाही. अकरा वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यांनी तनुजाला परत करावी. तिची एक पायरी त्यांच्याकडे मोडली, हे मला माहीत आहे.

३) गंगापूरची विहिरीसकट अर्धा एकर जमीन. सातबारा माझ्या नावावर आहे आणि जुन्या मृत्युपत्रात ती तनुजाला दिली होती. आता का बदलतो, हे सांगायला पत्त्यांपासून सुरुवात करावी लागेल.

एकोणऐंशी साली परदेशी पाहुण्यांची बस वेरूळला दोन दिवस बंद पडली, तेव्हा त्यांनी मला लोबॉल पोकर शिकवला. आपल्या तीन पत्तीतल्या मुफलिससारखाच उलटा खेळ. सर्वांत लहान पत्ते असतील तो जिंकतो. पाच पत्ते, ते बदलायच्या तीन संधी. एक्का मोठा धरतात आणि जोडी किंवा ओळीने पाच पत्ते आले तर हात बिघडतो, म्हणून दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, सत्ती आली की त्यावर काही नाही. पत्ते बघण्याआधीच एकाला पाळीने डाव टाकावा लागतो, त्याला मोठा ब्लाइंड म्हणतात. समोरच्याने वाढवले की आणखी टाकून तो राखायचा, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

धाकटा भाऊ पुंजाराम आणि मित्र धम्मपाल यांना मी हा खेळ शिकवला. दर रविवारी दुपारी पुंजाराम गंगापूरहून एसटीने येतो आणि आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. मी मोठा ब्लाइंड कधीच सोडला नाही. हातात राजा-राणी असली तरी तीन-तीन पत्ते बदलत लढायचो. धम्मपाल करवादायचा, "अहो, टाकलेला चिंचोका तुमचा राहिला का? तो ढिगात गेला! भंगार हातावर कशाला झगडता?" मी म्हणायचो, एकदा टाकले की सोडायचे नाही. आणि मी जिंकायचो. पुंजाराम तर माझ्यापुढे टिकतच नसे.

जमिनीचा दावा मी असाच लढलो. आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर पुंजाराम म्हणाला की विहिरीचा तुकडा आबांनी त्याला दिला होता. मीच कोर्टात गेलो आणि पहिल्याच तारखेला शपथेवर सांगितले की तसा कागद नाही. कागद मी पाहिला नव्हता, हे खरे. असावा असा दाट संशय होता, हेही खरे. चौदा वर्षे दावा चालला आणि त्या सगळ्या वर्षांत आम्ही रविवारी खेळतच होतो. सतरंजीवर कोर्टाचे नाव काढायचे नाही, असा आमचा रिवाज होता. निकाल माझ्या बाजूने लागला तेव्हा मी पेढे वाटले. पुंजारामने दोन खाल्ले.

गेल्या रविवारी त्याची बायको सरूबाई डोळे दाखवायला शहरात आली होती. मोठा ब्लाइंड माझा होता. पुंजारामने वाढवले, मी राखला. तिन्ही वेळा पत्ते बदलून माझ्या हातात शेवटी दोन गुलाम उरले, तरी मी मूठभर चिंचोके पुढे सरकवले. पुंजारामने मान हलवली आणि पत्ते पालथे टाकले. पंख्याच्या वाऱ्याने ते उलटले. दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, सत्ती.

"हे काय रे?" मी विचारले. तो चिंचोके गोळा करू लागला. तीस वर्षांत माझ्यासमोर ज्या बाईचा आवाज चढला नाही, ती सरूबाई कपबशा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हे काय आजचं हाय का, दादा? कागद बी असाच पालथा ठिवलाय ह्यांनी. मामंजींच्या हातचा. माझ्या पेटीत हाय."

तो कागद मी काल पाहिला. आबांचे अक्षर, आबांची सही, दोन पंचांच्या सह्या. तुकडा पुंजारामचाच आहे. मला अजून हे खरे वाटत नाही. हुकमी कागद घरात ठेवून हा माणूस चौदा वर्षे तारखांना येत राहिला आणि हरत राहिला. का, म्हणून विचारले तर म्हणतो, "तू शपथ घिऊन बसलास, दादा. मंग कागद दाखिवला असता तर लोकांनी तुला लबाड म्हणलं असतं. इहिरीचं काय, मी दुसरी खांदली." त्याने मला थोबाडीत मारली असती तर बरे वाटले असते.

४) म्हणून ती जमीन पुंजाराम सांडू औताडे याला मिळावी, तो माझ्याआधी गेल्यास सरूबाईला. हयातीतच बक्षीसपत्र करणार होतो, पण त्याला घेणाऱ्याची कबुली लागते आणि हा म्हणतो, "तू जिता हायस तवर नाय." तनुजाने हे सर्व वाचले आहे. "पप्पा, इतका उशीर?" एवढेच ती म्हणाली.

५) कोर्टात मी संशय गिळून शपथ घेतली. लोक त्याला लबाडी म्हणतात आणि ते बरोबर आहे. हे कलम माझ्या दहाव्याला गंगापुरात, सगळ्या भावकीसमोर, मोठ्याने वाचावे. पुंजारामने आडकाठी केली तरी वाचावे.

६) हे कलम सह्यांच्या वेळीच वाढवले आहे. आज सह्या होताना वकीलबाईंनी बजावले की ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, त्याचा हक्क धोक्यात येतो. धम्मपालने सही केली. नानासाहेब चष्मा शोधत होते, तेवढ्यात पुंजाराम गुपचूप पुढे वाकला आणि साक्षीदाराच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहू लागला. मी त्याचा हात धरला. दोघा म्हाताऱ्यांची पेनावरून ओढाताण झाली. खाली जे खोडलेले "पुं" दिसते, ते त्याचे आहे. खोडले मी. ही खाडाखोड मला मान्य आहे आणि तिच्याशेजारी माझी वेगळी सही आहे.

साक्षीदार:
१) धम्मपाल साळवे, पडेगाव (सही)
२) ~~पुं~~ (का. सां. औताडे, सही)
नानासाहेब दांडगे, पडेगाव (सही)

लिहून ठेवणार: काकासाहेब सांडू औताडे (सही)
ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५