न पावलेल्या देवीचा निवद

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा माझ्या अक्षराला नावं ठेवणारं आपल्या दोघींत कुणी नाही हे बरं आहे. तुझी नात आत कॉटवर पडली आहे. मिरजेच्या दवाखान्यातनं तिला घरी आणली. डॉक्टर भला माणूस. मला खुर्चीवर बसवून सांगितलं, पोटातली गाठ पसरलीय, आता घरी न्या, खाईल ते द्या. खाईल ते! तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही. जावई रविवारी साताऱ्याहून येतो, तिच्या पायाशी बसून रडतो, आणि मी त्याला डोळे पुसून जेवायला ऊठ म्हणते.

दुखणं निघालं तेव्हाच मी माळावरच्या लक्ष्मीआईला नवस बोलले होते. पोरगी स्वतःच्या पायानं तुझी पायरी चढू दे, पुरणपोळीचा निवद आणि हिरवं लुगडं आणीन. असं बोलायला तुझ्याकडनंच शिकले. तू देवीशी बोलायचीस ते बांधावर शेजारणीशी बोलावं तसं. दादा फौजेतनं धड परत यावा म्हणून तू पायात घालणं सोडलंस, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतनं अनवाणी हिंडलीस, आणि तो आला. तुझ्या पाया पडायला वाकला तर त्याचा दंड धरून म्हणालीस, "आदी तिच्या पाया पड. म्या काय केलंय?"

मग धाकटीचा ताप. तिच्यासाठीही निवद बोललीस आणि ती गेली. सुतक फिटलं आणि तू चुलीवर डाळ शिजत घातलीस. मला वाटलं तुझं डोकं फिरलं. तू पाट्यावर पुरण वाटतीयस, बोटं गुळानं चिकट झालीत आणि चेहऱ्यावर काहीच नाही. चुलती दारात येऊन म्हणाली, "आवं जाऊबाई, पोर गेली आन् पोळ्या कसल्या करताय?" तू परात ओढून कणीक मळायला घेतलीस. मी म्हटलं, "तिनं ऐकलंच न्हाई, मग निवद कशाचा?" तशी पिठाच्या हातानं तू माझ्या थोबाडीत दिलीस. "एवढी वर्सं पोरगी माझ्या मांडीवर खेळली, ती काय म्या बाजारातनं आणली व्हती? त्याचा निवद ऱ्हायलाय द्यायचा."

देवळापर्यंत तुझ्या मागं आले, पण आत आले नाही. पायरीवर देवीकडं पाठ करून बसले. तू आत लय वेळ उभी होतीस, काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. तुझं ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. दिलेलं हिसकावून घ्यायचं आणि वर पोळ्या आपणच करायच्या? भाजीवालीनं असं केलं तर आपण तिची पाटी पालथी करू.

तर परवा तुझी नात मला म्हणते, "आई, निवदाचं काय झालं?"

"तू चालाय लाग, मग बघू."

"म्हातारे, मी काय आता चालत न्हाई. मी हाय तवरच घाल पुरण. वास तरी यील मला. माघारी तू घालायची न्हाईस, ठावं हाय मला तुझा राग."

"गप. घास उतरंना आन् जीभ बघा बयेची."

"जीभ तुजीच हाय."

हसली, मग पोटात कळ आली तशी थांबली.

घातलं पुरण. पाटा आता मनगटाला झेपत नाही, मिक्सरला फिरवलं. तिच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं. आतनं बारीक आवाज आला, "जायफळ कमी पडलंय." खरंच कमी होतं. निवद दाखवल्याबिगर कुणाला चाखू द्यायचा नाही, हे तूच शिकवलंस. मी बोटावर पुरण घेऊन आधी तिच्या जिभेला लावलं. निवद उष्टा झाला तर झाला, कळू दे लक्ष्मीआईला. पोरीनं डोळे मिटले. थोड्या वेळानं ते पुरण तसंच ओठाच्या कोपऱ्यातनं बाहेर आलं आणि मी पदरानं पुसलं.

मग ताट आणि लुगडं घेऊन माळावर गेले. ऐन दुपार, देवळात एक झोपलेलं कुत्रं सोडलं तर कुणी नाही. ताट ठेवलं. तू म्हणाली असशील तसं म्हणायचं होतं, एवढी वर्षं माझी लेक मला दिलीस, उपकार झाले. पण तोंड उघडेना. लुगडं तिच्या पायाशी ठेवलं, हात जोडले. आणि मग तोंडातनं निघालं ते एवढंच, "आता हाल करू नगंस तिचं. ने."

घरी आले तर लेक विचारते, "काय मागितलंस?" मी म्हटलं, "काय न्हाई. ठेवलं ताट आन् आले."

हे पत्र धाडायला तुझा पत्ता नाही. उद्या चुलीत घालीन. जन्मभर देवी माझं ऐकत नाही म्हणून तिला शिव्या घातल्या. पण माळावरनं आल्यापासनं मी पोरीच्या छातीकडं बघत बसले आहे, वरखाली होतीय का ते. एवढं एक तरी देवीनं ऐकलेलं नसावं.