सहा महिने थांबायचं आहे

झाशी, प्रेमनगर
५ ऑक्टोबर १९९४

चि. अनुसयेस कुसुमताईचे आशीर्वाद.

तुझी वृंदा बरी आहे. चालते, जेवते, माझ्या आमटीला नावं ठेवते. तेव्हा नवा नवस बोलू नकोस. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

गर्भाच्या जागी नुसते द्राक्षांसारखे फोड वाढले होते, ते काढून तीन आठवडे झाले. गरोदरपणाचा अंश मात्र रक्तात काही आठवडे राहतोच. तो उतरतोय ना, हे पाहायला दर आठवड्याला रक्त तपासतात. परवाच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ वाचून तिच्या सासूबाईंनी, हौसाबाईंनी, "लगेच दिवस राहिले!" म्हणत गल्लीत पेढे वाटले आणि सुनेची ओटी भरली. डॉक्टरला विचारण्याइतका धीर कुणाला!

काल डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "हा अंश पूर्ण गेल्यावरही सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत, नाहीतर नव्या दिवसांनीही हाच अंश वाढेल आणि दुखणं उलटलं तर कळणार नाही. पुढचं बाळंतपण बहुतेक नीटच होतं. असं पुन्हा होणं शंभरात एखादीला."

"छह महीने? अहो, लोकांना काय सांगू?" हौसाबाई म्हणाल्या.

वृंदा कधी उलट बोलत नाही, ठाऊक आहे ना? काल बोलली. "आई, मला मूल हवंय. म्हणूनच थांबणार आहे."

घरी आल्यावर नळ सोडून मोरीत बसली. नळाला पाणी नव्हतं, म्हणून मला रडणं ऐकू आलं. तू मात्र तिला विचारू नकोस.

दिवाळीपर्यंत इथंच मुक्काम ठोकलेली,
तुझी ताई