कॉम्प्युटरातले बैल

पुणे, डिसेंबर १९७६

ती. बेबीताईस धाकट्या देवमनचा जय भीम.

मी मजेत आहे. मेसची डाळ पारदर्शक असल्यामुळे अपचनाचं भय नाही.

माझे विद्यार्थी वाशीमच्या कापूस बाजाराची नक्कल कॉम्प्युटरवर करणार आहेत, गाड्यांची रांग लवकर कशी सरेल ते शोधायला. आराखडा वरच्यांना पटला तरच आम्हाला मशीन वापरायला मिळेल. पण या पंडितांच्या रांगेतली गाडी स्वयंभू, आपोआप पुढे सरकते! "बैल कोण जुंपणार?" विचारलं, तर सगळे आराखड्यात बैल शोधू लागले.

भाऊजींना विचार, रांगेत सोडलेले बैल पुन्हा जुंपायला किती वेळ लागतो? "बैलायले घडी समजते काय रे?" म्हणतील. तरी विचारच.

गेल्या वर्षी कापसाच्या गाडीसोबत रात्रभर रांगेत थांबून लागलेला त्यांचा खोकला गेला का? नक्कल साधली, तर पुढच्या हंगामात ते रात्री घरी जेवतील. पिठलं त्यांना वाढ, श्रेय मला दे.

तुझा,
देवमन